‘ग्लोबल’चं कार्ड

कार्डाचा उजवा वरचा कोपरा साधारण दोन मिलिमीटर झिजला होता. गठ्ठ्यातली बाकीची कार्डं कोरी करकरीत. हे एकच आठ महिने हाताळलं गेलं होतं. त्यावर शब्द होता ‘ग्लोबल’.

शब्दकोशाच्या कचेरीत रीत एकच. कार्ड मोठ्याने वाचायचं, मुख्य संपादकांनी ‘लावा’ म्हटलं की मगच खोक्यात टाकायचं. चाळीस वर्षं तो ‘लावा’ मुख्य संपादक अण्णांच्या तोंडून निघत आला. मग एका सकाळी त्यांची वाचा गेली, आणि त्यांची लेक, कोशाची सहसंपादक, याच कार्डापाशी अडून बसली.

“ताई, छापखानेवाले माझा जीव खातायत,” छपाईचा मजकूर जुळवणारा जुळारी म्हणाला. “अख्खं जग हलतंय, तुमचं कार्ड तेवढं हलेना!”

“अण्णा म्हणतील, मग लावू.”

“आणि नाहीच म्हणाले तर?”

ती कार्ड घेऊन आतल्या खोलीत गेली.

कार्डावर दोन अर्थ होते. एक, साऱ्या जगाला लागू; जसं बाजार, हवामान. दुसरा, एका झटक्यात सगळीकडे. संगणकावर शब्द एकदा बदलला की पानोपानी बदलतो, तसा. तिसरा अर्थ तिला ठाऊक होता. डॉक्टरांनी अण्णांच्या कागदावर ‘ग्लोबल अफेझिया’, म्हणजे वाचाघात, असं लिहिलं होतं. तो तिने चढवलाच नव्हता.

अण्णा खिडकीपाशी बसले होते. रोजच्यासारखं तिने कार्ड त्यांच्या हातात दिलं, आणि त्यांचा अंगठा कोपऱ्यावर फिरू लागला. एवढ्याच भरवशावर तिने आठ महिने काढले होते: अण्णा वाचतायत, विचार करतायत.

आज तिने ते कार्ड हळूच काढून घेतलं आणि काहीच न लिहिलेलं कोरं कार्ड दिलं.

अंगठा तसाच फिरत राहिला. तीच गती, तोच कोपरा.

ती बराच वेळ बघत राहिली. मग तिथेच टेकून तिने तिसरा अर्थ लिहिला: ‘(वैद्यक) संपूर्ण; बोलणं, समजणं, वाचणं, लिहिणं, सगळं व्यापणारा.’ अण्णांसमोर उभं राहून तिने तिन्ही अर्थ मोठ्याने वाचले आणि थांबली. अण्णांसाठी थांबायची सवयच होती.

दारात जुळारी खोकं घेऊन उभा होता. 

तिने कार्ड त्याच्यापुढे धरलं.

“लावा,” ती म्हणाली.