बियाणं कुणाकडून आलं

चैतन्यचं वाटोळं व्हावं असं मला ज्या दिवसांत मनापासून वाटत होतं, त्या दिवसांत त्याचा चहा मीच करत होते. कमी साखर, आलं ठेचून. हसू नका. जव्हारात राहून कॉम्प्युटरची नोकरी मिळवायची म्हणजे काय असतं ते ज्याला ठाऊक आहे तो हसणार नाही.

खाली कांतीलाल शेठचं कापडाचं दुकान आणि वरच्या माळ्यावर त्यांच्या पोराचं, म्हणजे चैतन्यचं, ऑफिस. लॉजवाल्यांना, शाळांना वेबसाइट बनवून द्यायच्या हा धंदा. बनवायचे मी, हर्षदा, मुक्काम साखरशेत. आणि हात मिळवायला, फोटो काढून घ्यायला चैतन्य सर.

दोन वर्षांपूर्वी नाशिकच्या एका संस्थेने आम्हाला काम दिलं. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर बायकांनी भाताची, नाचणीची जी जुनी बियाणी जपली आहेत त्यांची नोंद करायची. वेबसाइटवर नकाशा, नकाशावर पाडा दाबला की त्या वाणाचा फोटो, माहिती, आणि ज्या बाईने तो जपला तिचा आवाज. खाली एक बटण. ते दाबलं की सगळ्या तालुक्याचा अहवाल तयार. संस्थेच्या नीताताईंना तो अहवाल हवा होता. मला हवा होता तो आवाज. कारण पहिला आवाज माझ्या आईचा होता.

आईचं नाव बायडी. साखरशेतात बियाणं म्हटलं की बायडी. कुणाचं उंदराने खाल्लं, कुणाचं पुरात गेलं, की ती बाई टोपली घेऊन आमच्या दारात. आणि आमच्याकडे बियाणं नुसतं उचलून देत नाहीत. देणारीने त्याची हकीकत सांगायची. हे मला कुणी दिलं, तिला कुणी दिलं, मध्ये ते कुणी राखलं आणि कुणी नासवलं. डुकरांनी नासवलं तर डुकरांचं नाव, दिराने नासवलं तर दिराचं. घेणारी ते ऐकून घेते आणि पुढे देताना तसंच सांगते. हकीकत न सांगता दिलेलं बी रुजत नाही म्हणतात. रुजतं की नाही मला माहीत नाही, पण तसं दिलेलं मी कधी पाहिलेलं नाही.

आईने अकरा वाणांची हकीकत सांगितली होती, आमच्या बोलीत, चुलीपुढे बसून. मध्ये कोंबडीला हाकलणं, मध्ये खोकला, मध्ये मला "नीट बस गं" म्हणणं, सगळं त्यात होतं. रेकॉर्डिंगचा फोन ऑफिसचा. आवाज सर्व्हरवर चढला की फोनवरून पुसून टाकायचा, हा चैतन्यचाच नियम, फोनमध्ये जागा नव्हती म्हणून. त्यामुळे आई होती ती फक्त तिथे, कुठल्या तरी लांबच्या शहरातल्या भाड्याच्या सर्व्हरवर.

भादव्यात आई तापाने गेली. चैतन्यने फोनवर हात जोडल्याचं चित्र पाठवलं. त्यानंतर मला रडू आलं की मी वेबसाइट उघडून साखरशेत दाबायचे. "नीट बस गं" ऐकायचे आणि नीट बसायचे.

शिमग्याच्या आधी वेबसाइटची नवी आवृत्ती चढवायची होती. त्याची रीत अशी असते की ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक चाचणीची कॉपी ठेवायची, तिच्यात खोटा डेटा. तिथे सगळं पुसायचं, डेटाची टेबलं नव्याने बांधायची, चालतंय का बघायचं. चाललं की खऱ्या सर्व्हरवर फक्त नवा कोड न्यायचा. खऱ्या डेटाला बोट लावायचं नाही. हे काम माझं. पण मी त्या दिवशी मोखाड्याला फोटो घ्यायला गेले होते आणि चैतन्यकडे त्याचे दोस्त आले होते. दोस्तांपुढे मोठेपणा करायला सरांनी दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या, आणि सगळं पुसायची आज्ञा दिली ती खऱ्या सर्व्हरच्या खिडकीत.

मी परत आले तेव्हा नकाशा होता, पाडे होते. साखरशेत दाबलं तर काहीच नाही.

"अगं, चुकीच्या खिडकीत एंटर बसला," चैतन्य म्हणाला. हसत म्हणाला मेला. होस्टिंगवाले रोज एक कॉपी काढून ठेवतात, ती तरी आणा म्हटलं, तर ती सोय त्यानेच बंद करून ठेवलेली. साइट स्लो होते म्हणे.

मी म्हटलं, "सर, आईचे आवाज होते त्यात."

"मग परत घेऊ ना! त्यात काय एवढं? आईला सांग, पुन्हा एकदा बोल म्हणावं."

तो विसरला होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, वाटलं आता आठवेल, आता जीभ चावेल. त्याने चहा मागितला.

एवढ्यावर थांबला असता तरी मी कदाचित गिळलं असतं. दुसऱ्या दिवशी नीताताईंचा फोन आला तेव्हा मी दारातच उभी होते. चैतन्य म्हणाला, "काय आहे ना ताई, गावाकडची मुलगी आहे, तिच्या हातून चुकून पुसलं गेलं. पण मी सांभाळून घेतलंय." मला बघून त्याने हाताने खूण केली, नंतर बोलू. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. टेबलावरचा चहाचा कप त्याच्या डोक्यात घालायचा होता. घातला नाही, कारण एका कपाने माझं समाधान झालं नसतं.

वैशाखात जव्हारला लोकार्पण ठरलेलं. त्याच्या आत सगळे आवाज पुन्हा जमवायचे होते, आणि पाड्यांवरच्या बायका चैतन्यशी बोलत नाहीत. त्याला आमची बोली येत नाही, आणि वहाणा घालून खळ्यात शिरतो. म्हणजे मलाच जावं लागणार होतं. नोकरी सोडून जायचं माझ्या मनात होतं, ते मी तिथेच मोडलं. म्हटलं, जाते सर. फोन द्या.

आधी गेले वांगणीला, गौरा आत्याकडे. आईची जुनी मैत्रीण, दोघींनी एका सालात कसबई भाताचं बी वाटून घेतलेलं. ती खळ्यात सूप पाखडत बसली होती. मला बघून म्हणाली, "परत कशाला आलीस? मागे सांगितलं ना सगळं?"

मी तिला सांगितलं. पुसलं कुणी, कसं, नंतर माझ्यावर ढकललं कसं. आणि "आईला सांग, पुन्हा बोल म्हणावं" हेही सांगितलं.

आत्याने सूप खाली ठेवलं. "चालू कर ते," म्हणाली. मी फोन तिच्यापुढे धरला आणि ती आमच्या बोलीत बोलायला लागली. मी ते इथे मराठीत सांगते.

"हे कसबईचं बी. हे मला साखरशेतच्या बायडीने दिलं. तिला तिच्या सासूने दिलं. एक साल डुकरांनी नासवलं, तेव्हा बायडीने मूठभर राखलं म्हणून ते आज आहे. याची हकीकत बायडीने स्वतःच्या तोंडाने सांगितली होती. ती जव्हारच्या कापडवाल्या कांतीलाल शेठच्या पोराने, चैतन्यने पुसली. पुसली आणि बायडीच्या पोरीचं नाव पुढे केलं. आणि पोरीला म्हणाला, मेलेल्या आईला बोलायला लाव. हे बी घेशील तर हे पण घे, आणि पुढे देशील तेव्हा सांग. आता ऐक. रोपाच्या जागेवर पालापाचोळ्याचा राब भाजला की पहिल्या पावसाआधी कोरड्या मातीतच धूळपेर करायची..."

पुढे तिने पेरणी, लावणी, कापणी सगळं नीट सांगितलं. माझा अंगठा थांबवायच्या बटणावर होता. चैतन्यचं नाव आलं तेव्हाच दाबायला हवं होतं, आत्या, ते नको, परत घेऊ, असं म्हणायला हवं होतं. मी अंगठा बाजूला घेतला.

मग मला गंमत कळली. आत्याने शिवी दिलेली नव्हती, सूड घेतलेला नव्हता. रीतीप्रमाणे कुणी राखलं आणि कुणी नासवलं ते सांगितलं होतं. सूड माझा होता. पुढच्या पाड्यावर गेले की आधी मी आत्याचा आवाज ऐकवायचे आणि मग फोन पुढे धरायचे. सांगावं काहीच लागत नव्हतं. ज्या बाईकडे आईचं बी होतं तिने आईचं नाव घेतलं, आणि आईचं बी नव्हतं अशी बाई मला भेटलीच नाही. आणि आईचं नाव घेतलं की पुढची ओळ आपोआप यायची. एक म्हातारी तर म्हणाली, "टोळधाड बरी, तिला कान तरी नसतात." ते पण मी ठेवलं. रात्री अंथरुणावर पडून मी एकटीच हसायचे. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटायचं.

सगळं रेकॉर्डिंग मी ऑफिसात आणून दिलं. चैतन्यने एक फाइल उघडली, दोन-चार शब्द ऐकले. "आवाज क्लिअर आहे. बोलतात काय पण या बायका, एक अक्षर कळेल तर शपथ. किती झाले?"

"सगळे झाले, सर."

"गुड."

या वेळी डेटा चढवायला तो स्वतः बसला. नीताताईंनी झापल्यापासून पठ्ठ्या सुधारला होता. आधी चाचणीवर, मग खऱ्यावर, खिडकीचं नाव दोनदा वाचून. रोजची कॉपी चालू केली, वर आणखी एक कॉपी संस्थेच्या सर्व्हरवर पाठवली, आणि एक नाशिकला डिस्कवर. "आता कुणाच्या बापाला पुसता येणार नाही," म्हणाला. मी म्हटलं, "छान केलंत सर." आणि खरंच मनापासून म्हटलं.

लोकार्पणाला हॉल भरला. निम्म्या बायका पाड्यांवरून जीप करून आलेल्या, मागच्या खुर्च्यांवर गर्दी करून बसल्या. पुढे नीताताई, पाहुणे, आणि पोराचं कौतुक बघायला इस्त्रीचा सदरा घालून कांतीलाल शेठ. चैतन्यने भाषण केलं, नकाशा दाखवला, बटण दाबून अहवाल काढला. तालुका, पाडा, वाण, पिकायचे दिवस, एक चूक नाही. टाळ्या पडल्या. मग म्हणाला, "आणि आता ऐकूया आपल्या आदिवासी भगिनींचा आवाज," आणि वांगणी दाबलं.

गौरा आत्या हॉलमध्ये बोलायला लागली.

चैतन्य हात बांधून, मान एका बाजूला करून, कौतुकाने हसत उभा होता. मागच्या खुर्च्यांवरची कुजबुज बंद झाली. मी बघत होते कांतीलाल शेठकडे. एक गोष्ट चैतन्यच्या कधी डोक्यातच आली नाही. त्याच्या बापाने चाळीस वर्षं त्या बायकांना लुगडी विकली आहेत. शेठ आमची बोली आमच्यासारखीच बोलतात. डुकरांपर्यंत ते मान डोलवत होते. मग त्यांची मान थांबली. मग ते उठून उभे राहिले.

"चैतन्य. बंद कर ते."

"काय झालं पप्पा?"

"बंद कर म्हटलं ना!"

नीताताई गोंधळल्या. "अहो, पण काय म्हणतायत त्या? कुणी सांगेल का?"

"भाताबद्दलच असणार," चैतन्य म्हणाला. "हर्षदा सांगेल ना. ये गं हर्षदा, जरा मराठीत सांग सगळ्यांना." आणि माईक त्याने स्वतःच्या हाताने माझ्या हातात दिला.

मी सांगितलं. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. डुकरं सांगितली, मूठभर बी सांगितलं, कांतीलाल शेठच्या पोराने पुसलं हे शेठच्या तोंडाकडे बघून सांगितलं. मेलेल्या आईला बोलायला लाव, हे सांगितलं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "सांग पोरी, सांग." मी ते पुन्हा सांगितलं. नीताताई माझ्याकडे बघत होत्या, मग त्या चैतन्यकडे वळल्या.

आठवलं त्याला. तेव्हा आठवलं. मला ते त्याच्या डोळ्यांत दिसलं, आणि त्याची कीव आली असं मी म्हणणार नाही.

"एक चुकून राहिलं असेल," तो पुटपुटला आणि घाईघाईने दुसरा पाडा दाबला. ढवळ नाचणी. म्हातारीच्या आवाजात बायडीचं नाव आलं, पाठोपाठ त्याचं आलं, मग टोळधाड आली, आणि मागच्या बायका मोठ्याने हसल्या. त्याने ते बंद केलं. शेठ कुणाकडे न बघता दाराकडे निघाले होते. चैतन्यने माऊस नकाशावर इकडून तिकडे फिरवला.

"हर्षदा," तो अगदी हळू म्हणाला, "कुठलं लावू?"

"कुठलंही लावा, सर," मी माईकवरच म्हटलं. "सगळ्यांत आईचं नाव आहे, आणि तुमचंही आहे. तिचा आवाज तेवढा कशातच नाही."