अंबालालचं मोबाइलवरचं बेसणं

आमच्या फळियातल्या, म्हणजे आमच्या गल्लीतल्या, मंछाचा नवरा अंबालाल मंगळवारी गेला, आणि गुरुवार उजाडला तरी मंछा रडली नव्हती. एक थेंब नाही. एकावन्न वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलोय आम्ही, मला तिचं रडणं ठाऊक आहे. लेक सासरी गेली तेव्हा एवढी रडली होती की तिच्या अंगणात दोन दिवस बदकं पोहत होती. आणि आता कोपऱ्यात बसून पदराचे दोरे उपसत होती.

"समजु, इथं अडकलंय गं," गळ्यावर हात ठेवून मला म्हणाली. "खाली जाईना, वर येईना."

"उद्या बेसणं आहे ना," मी म्हटलं. "बायका जमल्या की निघेल सगळं."

बेसणं म्हणजे मेलेल्याच्या घरची शोकाची बैठक, चार ते सहा. पुरुषांनी पांढऱ्या कपड्यांत यायचं, चंदनाचा हार घातलेल्या फोटोला हात जोडायचे, दहा मिनिटं मुकाट बसायचं आणि निघायचं. बायका आत, मेलेल्याच्या बायकोपाशी. तिथं मुकाट कोणी बसत नाही.

पण थोरला मुलगा केतुल न्यू जर्सीहून आला होता, सहा दिवसांची रजा काढून. त्यानं सगळ्यांना मोबाइलवर धाडलं, 'लौकिक व्यवहार बंद राखला आहे. बेसणं फक्त मोबाइलवर. लिंक खाली दिली आहे.' म्हणजे भेटायला घरी कोणी यायचंच नाही. आता त्यांचं घर आणि माझं घर, मधे एक गटार. ते ओलांडायला मला लिंक!

मी गेले विचारायला.

"काकी, तुम्ही घरूनच जोडा ना," केतुल म्हणाला. "इथं फ्रेममध्ये गर्दी दिसते."

"तुझा बाप गेलाय की त्याचं लग्न आहे? फ्रेम कसली?"

"जगभरची माणसं बघणार, काकी. जरा नीट दिसायला हवं."

शुक्रवारी चारला मी खिडकीशी उभी राहिले. काय बघितलं सांगू? शिसारी आली. भिंतीचे पोपडे दिसू नयेत म्हणून मागं पडदा लावलेला, त्यावर बर्फाचे डोंगर आणि दोन हंस. अंबालालनं उभ्या जन्मात आणंदच्या पलीकडं पाय टाकला नाही, आणि मेल्यावर हिमालयात! समोर गोल दिवा, त्यात फोन अडकवलेला. एका बाजूला मोठ्या टीव्हीवर जोडलेली माणसं, बर्फीच्या ताटासारखी चौकोनाला चौकोन लावून.

आणि त्यांच्या मधोमध मोठा करून तो फोटो. अंबालालला तंबाखूनं काळे पडलेले चार दात होते. यंत्रानं त्याला बत्तीस दिले. ओठ गुलाबी, केस काळेभोर. तेवढ्यावर थांबतात का मेले? फोटो हलत होता. अंबालाल हसायचा, पापण्या लववायचा, हात जोडायचा, परत हसायचा. दर सहा सेकंदांनी. ज्या माणसाला लग्नाच्या फोटोत हसवायला फोटोवाल्यानं गुदगुल्या केल्या होत्या, तो आता मरून खिदळत होता.

मंछाला त्याच्याशेजारी पाटावर बसवलेलं. ती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "केतुल, हा कोण आहे रे? डोळे मिचकावतोय माझ्याकडं."

"बा, पप्पा आहेत ना ते! किती छान दिसतायत बघ. आणि तू कॅमेऱ्यात बघ, फोटोकडं नको," तो आईला म्हणाला.

टीव्हीतले शोक करत होते. लंडनचा पुतण्या वर पांढरा सदरा घालून बसला होता. दार वाजलं म्हणून उठला, तर खाली फुलाफुलांची चड्डी. कोणी मागं भजी तळत होतं. एक जण गाडी चालवत हात जोडत होता, दोन्ही हात. टीव्हीवर लाल बदाम फुग्यांसारखे वर चढत होते आणि अंबालालच्या तोंडावरून जात होते. खाली लिहिलेलं येत होतं, 'सुपर पिक, काका.'

माझं डोकं सणकलं. मी फळियात हाक मारली. दिवाळी, रुखी, पशी, तिघी पदर ओढून आल्या. चौघींची वयं जोडली तर तीनशेच्या वर. आम्ही कोपऱ्यापासूनच छाजियांचा विलाप सुरू केला, छाती बडवत, "हाय हाय अंबालाल!" करत, जशी आमच्या सासवा करायच्या. माझ्या आवाजाचं म्हणाल तर एकदा पेटलादची गाडी थांबली होती. ड्रायव्हरला वाटलं, धोक्याचा भोंगा झाला.

"काकी! काकी, लाइव्ह चालू आहे!" केतुल दारात आडवा झाला.

"मग मेलेल्यासाठी रडायला काय तू बंद करायची वाट बघू? सरक!"

आत शिरलो, गोल केला, मंछाला हाताला धरून मधे ओढलं. छातीवर हात पडायला लागले. दिवाळीनं सूर धरला, "घर सुनं केलंस रे, अंबालाल..." मंछाची हनुवटी थरथरली. गळ्यात काहीतरी हललं, मी डोळ्यांनी बघितलं. आलं, आलं, असं वाटत होतं.

तेवढ्यात टीव्हीतून लेस्टरची भाची ओरडली, "केतुलभाई, आवाज येत नाहीये! पण बा मंडळींचा गरबा मस्त चाललाय!"

गरबा!

आम्ही थबकलो. टीव्हीवर टाळ्यांचे हात उगवायला लागले, पन्नास तरी असतील. कोणी लिहिलं, 'इस उमर में भी क्या एनर्जी.' कोणी नाचणारी बाई चिकटवली.

"आवाज का नाही येत?" मी विचारलं.

केतुलनं कान खाजवला. "अॅप गोंगाट आपोआप काढून टाकतं, काकी. मिक्सर, पंखा, कुत्र्याचं भुंकणं... त्याला हेही तसंच वाटलं असणार. माणूस बोलला तरच पलीकडं ऐकू जातं."

चार बायकांनी काळीज फाडून रडायचं, आणि त्या मेल्या यंत्रानं ते कुत्र्याबरोबर झाडून टाकायचं!

मंछाची हनुवटी थांबली होती. मला वाटलं, गेलं. आलेलं रडू परत आत गेलं, आता ही अशीच दोरे उपसत मरणार. ती टीव्हीपाशी गेली. एक एक चौकोन बघितला.

"किती जण आहेत रे?"

"एकशे बारा, बा!" केतुल खूश झाला.

मंछानं मान वळवून उंबऱ्याकडं बघितलं. "एकशे बारा माणसं," ती म्हणाली, "आणि दारात चपला चारच जणींच्या. गाव जेवू घातलं त्यानं. त्याच्या दारात चपला नाहीत, केतुल."

आणि टीव्ही काळा झाला. केतुलनं फुकटातलं अॅप घेतलं होतं, ते दर चाळीस मिनिटांनी बंद पडायचं. तीन तुकड्यांत दोन तास उरकायचा बेत होता पठ्ठ्याचा. अंबालाल खिदळायचा थांबला. गोल दिवा तेवढा उरला.

त्या शांततेत मंछा खाली बसली, माझा गुडघा धरला आणि फुटली. असं रडली की पाटावरची फुलं तरंगत मोरीपर्यंत गेली, हंसांचा पडदा भिजून गळून पडला, आणि पलीकडच्या फळियातली मांजरं छपरावर चढून बसली. आम्ही चौघी तिच्या अंगावर पडून रडत होतो.

"बा, एक मिनिट! थांब, परत जोडतोय!" केतुल फोन घेऊन वाकला. "काकी, जरा बाजूला व्हा, बाचा चेहरा येत नाहीये. हे लोकांनी बघायला पाहिजे."

आईच्या नाकाशी फोन धरला हो त्यानं. शेंबूड पुसायला रुमाल नाही, फोन!

मी तो हातातून ओढला, खाली ठेवला आणि त्यावर बसले. मांडी घालून, नीट. माझ्याखालून कोण कोण बोंबलत होतं, "हॅलो? हॅलो? पिक्चर काळं दिसतंय, केतुलभाई!"

"काकी, उठा ना, प्लीज! सगळे वाट बघतायत!"

"त्यांना म्हणावं, चालत या."

मी हलले नाही. मंछा सहा वाजेपर्यंत रडली.