लिफ्ट बंद आहे

आमच्या सोसायटीत आता नवी लिफ्ट आलीय. आत आरसा आहे, पंखा आहे, आणि मजला आला की एक बाई गोड आवाजात मजला सांगते. मी तिला कितीदा तरी उलट उत्तर दिलं, वेडावून दाखवलं, पण बाई चिडतच नाही. जी चिडत नाही तिची खोडी काढण्यात काय मजा?

जुनी लिफ्ट आमच्यातलीच होती. जाळीचं दार, खडखडाट, आणि स्वभाव असा की मनात आलं तर चालणार. बंद पडली की खाली ‘लिफ्ट बंद आहे’ अशी पाटी लागायची, आणि पाटी लागली रे लागली की प्रत्येक मजल्यावर जिन्याच्या कडेला कुणीतरी घरातली एक खुर्ची आणून ठेवायचं. पहिल्या मजल्यावर चेअरमनची वेताची, दुसऱ्यावर मास्तरीणबाईंची गादीवाली, तिसऱ्यावर केमिस्टची पत्र्याची, घडीची. याचा ठराव कधी झाला नव्हता. चेअरमनला विचारलं असतं तर ते म्हणाले असते, “इतिवृत्तात नोंद नाही.” पण स्वतःची खुर्ची ते सगळ्यांच्या आधी बाहेर काढायचे.

खुर्चीत बसायचं भाडं म्हणजे एक बातमी. तुम्ही दम खात बसलात की आतून पाणी यायचं आणि पाण्याच्या मागून प्रश्न, “काय म्हणतंय खाली?” मग काहीतरी सांगावंच लागायचं. मी खोट्या बातम्या द्यायचो. पहिल्यावर सांगायचो, केमिस्ट मिशी काढणार आहे. मी तिसऱ्यावर पोचेपर्यंत केमिस्टची बायको रडवेली होऊन दारात उभी.

मी तळमजल्यावरचा. जन्मच त्या घरातला. माझी खिडकी बरोबर फाटकाला लागून, त्यामुळे येणारा-जाणारा माझ्या तावडीतून सुटायचा नाही. दोऱ्याला पाकीट बांधून रस्त्यात टाकायचं आणि कुणी वाकलं की ओढायचं, हा माझा लहानपणीचा धंदा. त्या धंद्यात मला एकच माणूस पुरून उरलं. चौथ्या मजल्यावरच्या काकू.

काकू शिवणकाम करायच्या. अख्ख्या बिल्डिंगचे कपडे त्यांच्या मशीनखालून जायचे. मी त्यांची बेल वाजवून पळायचो. त्यांनी कधी आईकडे तक्रार केली नाही. फक्त एकदा माझी शाळेची पँट उसवली म्हणून त्यांच्याकडे दिली, तर छान इस्त्री करून परत आली. शाळेत गेल्यावर कळलं, सगळे खिसे आतून शिवून टाकलेत. खडू, गोट्या, रुमाल, काही म्हणता काही आत जाईना. संध्याकाळी जिन्यात भेटल्या तर म्हणतात कशा, “काय रे भामट्या, हात कुठे ठेवायचे ते समजेना का?” त्या दिवसापासून मी त्यांना गुरू मानलं.

माझी आई गेली, काकूंचे मिस्टर गेले, काकूंचा मुलगा ढब्ब्या नोकरीसाठी लांबच्या शहरात गेला. मी मात्र तिथेच. केस पांढरे व्हायला लागले तरी काकू मला भामट्याच म्हणायच्या. तसं म्हणणारं दुसरं कुणी उरलंही नव्हतं.

मग काकूंचे गुडघे गेले. चढताना एकवेळ जमायचं, पण उतरताना जीव जायचा. लिफ्ट होती, पण एकदा त्या दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्या, अंधारात, एकट्या. केमिस्टनं वरून दार फाकवून त्यांना ओढून काढलं, तेव्हा त्यांचे हातपाय गार पडले होते. त्यानंतर लिफ्टचं नाव काढलं तरी त्या पदर तोंडाला लावायच्या. म्हणजे काकू वर आणि सगळं जग खाली. भाजी दोरीच्या पिशवीतून वर जायची. मी त्यात कधी रबरी पाल टाकायचो. पाल परत यायची ती टाचण्या टोचून.

ढब्ब्या आला आणि म्हणाला, “आई, हे काही जगणं नाही. घर विकू, तू माझ्याकडे चल.”

त्याचं चूक नव्हतं. म्हणून तर जास्त राग आला. मी वर गेलो. काकू मशीनपाशी बसल्या होत्या, पण मशीन चालू नव्हतं.

“जायचंय तुम्हाला?” मी विचारलं.

“सून चांगली आहे रे. तिकडे लिफ्टही नाही, बैठं घर आहे. पण मला तिथे कोण ओळखतं? इथे वरून हाक मारली तर चार खिडक्या उघडतात. तिथे हाक मारली तर लोक पोलिसांना बोलावतील.”

“म्हणजे जायचं नाही.”

“नाही जायचं,” काकू म्हणाल्या. मग बारीक आवाजात, “पण त्याला नाही कसं म्हणू? रोज रात्री काळजीनं फोन करतो.”

“काकू, घर विकलंच गेलं नाही तर?”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी डोळ्यांत ती जुनी चमक. “काय करायचं ते कर. फक्त जिन्यावरून कुणी गडगडता कामा नये.”

मी सगळ्यांना गोळा केलं. घर बघायला जो कोणी येईल त्याला ही बिल्डिंग नको वाटली पाहिजे, एवढंच. चेअरमननी खेकसायचं. मास्तरीणबाईंनी भिंतींतून पाणी गळतं असं रडगाणं लावायचं. केमिस्टनं दार आपटायचं. आणि मुख्य काम माझं: लिफ्टचा खटका बंद करून पाटी लावायची. चार मजले चढून कुणाला घर आवडतं का?

रविवारी सकाळी एक बाई आल्या. बँकेत होत्या. सोबत त्यांचे वडील, जाडजूड, हसरे, निवृत्त बस ड्रायव्हर. मी खिडकीतून पाहिलं आणि मनात टाळी वाजवली, कारण म्हातारबुवा चालताना एका बाजूला कलत होते.

“लिफ्ट बंद आहे,” मी तोंड पाडून म्हणालो. “नेहमीच असते.”

“चालेल,” ड्रायव्हरकाका म्हणाले. “जन्मभर बसून काम केलं, आता जरा पाय हलवू.”

मीही मागून निघालो, तमाशा बघायला. पहिल्या मजल्यावर पोचतो तर काय, जिन्याच्या कडेला वेताची खुर्ची!

मी चेअरमनकडे पाहिलं. चेअरमननी खुर्चीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा, जणू खुर्ची स्वतःच्या पायांनी बाहेर आलीय. पाटी लागली होती ना! पाटी लागली की हात आपोआप खुर्चीकडे जाणार, ही इतक्या वर्षांची सवय. मी एवढा डाव रचला आणि एवढं साधं डोक्यात आलं नाही.

ड्रायव्हरकाका धपकन बसले. चेअरमननी खेकसायला तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, “पाणी देऊ का?”

“खेकसा ना!” मी दातओठ खात कुजबुजलो.

“अरे, माणूस धापा टाकतोय,” चेअरमनही कुजबुजले. मग काकांकडे वळून, “काय म्हणतंय खाली?”

दुसऱ्या मजल्यावर मास्तरीणबाईंनी गळक्या भिंतींचं सुरू केलं खरं, पण काकांच्या पाठीमागे उशी सरकवत सरकवत. “अहो, फार गळतं हो. असं टेका, इथे, हं. नुसतं पाणीच पाणी. आणि थोडं घ्या की पाणी.” केमिस्टनं दार आपटलं, कबूल. पण ते आत जाऊन गुडघ्याला लावायचं मलम आणायच्या घाईत. बँकवाल्या बाई हसू दाबत होत्या. बिल्डिंग नको वाटायचं राहिलं बाजूला, म्हातारबुवा प्रत्येक मजल्यावर दोन माणसं जोडत वर चालले होते.

चौथ्यावर काकूंनी चहा टाकून ठेवला होता. म्हणजे त्याही फितूर!

बाईंनी घर पाहिलं. मोरी पाहिली, गॅलरी पाहिली. मग म्हणाल्या, “घर छान आहे. पण बाबांना रोज नाही जमायचं. आम्हाला खरं तर तळमजला हवा होता.”

माझ्या जिवात जीव आला. टळलं एक संकट. ड्रायव्हरकाका बशीत चहा ओतत होते. त्यांनी काकूंना विचारलं, “तुम्ही का सोडताय?”

“माझेही गुडघेच,” काकू म्हणाल्या.

“अरेच्चा. आणि खाली कोण राहतं?”

“मी,” मी म्हणालो. “जन्मापासून.”

ते माझ्याकडे बघून मनापासून हसले. त्यात टोमणा नव्हता, आणि तेच वाईट. “तुमचे गुडघे बरे दिसतात,” म्हणाले. “खुर्च्या तर तुम्ही लोक किती प्रेमानं देता!”

काकू एकदम घाईनं म्हणाल्या, “त्याला काही म्हणू नका हं. त्याच्या आईचं घर आहे ते.”

म्हणजे काकूंच्या मनात हे कधीतरी येऊन गेलं होतं. आलं होतं, आणि त्यांनी ते गिळून टाकलं होतं. माझ्या मात्र डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. पाटी लावीन, पाल टाकीन, सगळी बिल्डिंग नाचवीन, पण माझं घर म्हणजे माझं घर. आयुष्यभर दुसऱ्यांची फजिती केली, पण माझी अशी बिनआवाजाची फजिती कुणी केली नव्हती.

खाली आलो. आईनं ओट्यावर स्वतः बसवून घेतलेली निळी फरशी, तिच्यावर बत्ता पडून गेलेला टवका. माझी खिडकी. बाहेर कुणीतरी माझ्या तावडीतून आरामात सुटून चाललं होतं. माझं लक्षच नव्हतं.

बायकोला सांगितलं, काकूंना खाली आणू, आपण चौथ्यावर जाऊ. ती कपडे वाळत घालत होती. तिनं एक चादर झटकली, दुसरी झटकली.

“आणि आपले गुडघे जातील तेव्हा?”

“तेव्हा खाली जो कोणी असेल तो बघेल.”

“तुझ्यासारखा असला तर?”

तिनं चिमटा तोंडातून काढला. “वर वारा चांगला असतो,” म्हणाली. “कपडे लवकर वाळतील.”

काकूंना पटवणं अवघड गेलं. “दया दाखवायला आलास?” म्हणून त्यांनी मला अक्षरशः कातरी दाखवली.

“दया कसली काकू? खालून वर पाणी टाकता येत नाही. इतकी वर्षं माझी किती गैरसोय झालीय!”

त्या हसल्या नाहीत. “तुझी आई काय म्हणाली असती?”

“म्हणाली असती, इतके दिवस काय झोपला होतास?”

त्यावर काकूंनी कातरी खाली ठेवली आणि मशीनच्या चाकावर हात फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, “ते मशीन नीट उतरवा. आपटलंत तर याद राखा.”

ढब्ब्याला फोन केला. तो आधी ओरडला, मग नाक ओढल्याचा आवाज आला. चेअरमन म्हणाले, “अशा अदलाबदलीला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागेल.” मास्तरीणबाई त्यांना म्हणाल्या, “अहो, मशीनचं एक टोक धरा आधी. सभा जिन्यात घेऊ.” आणि खरंच जिन्यात सभा झाली. मशीन मध्ये, माणसं भोवती, आणि प्रत्येक मजल्यावर एकमेकांना शिव्या. काकूंना आम्ही केमिस्टच्या घडीच्या खुर्चीत बसवून उतरवलं. त्या पालखीत बसल्यासारखं मिरवत नव्हत्या, डोळे गच्च मिटून आमच्या नावानं ओरडत होत्या.

ड्रायव्हरकाकांना समोरच्या बिल्डिंगमध्ये तळमजला मिळाला, ते बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या नव्या गॅलरीत उभा होतो. फार उंच वाटत होतं. करमत नव्हतं. खाली फाटक करकरलं आणि काकू बाहेर आल्या. पायात नव्या चपला, हातात काही नाही. फाटकाला धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. आम्ही सगळे आपापल्या मजल्यावरून श्वास रोखून बघतोय. मग त्यांनी फाटक सोडलं आणि कोपऱ्यावरून वळून दिसेनाशा झाल्या.

आता येतील, मग येतील. नाही आल्या. चहा झाला, पेपर झाला, चेअरमन खाली येऊन फेऱ्या मारायला लागले. केमिस्ट दुकान उघडायचं सोडून रस्त्यावर. मास्तरीणबाई म्हणाल्या, पोलिसांना कळवू या. मी चारही मजले धावत उतरलो, तोपर्यंत काकू कोपऱ्यावर दिसल्या. सावकाश, दुकानांच्या पाट्या वाचत, ओळखीच्या झाडाशी थांबत, अगदी फुरसतीत येत होत्या.

“काकू! कुठे होतात? जीव घाबरा केलात!”

काकूंनी आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. चेहरा घामानं निथळत होता आणि फुललेला.

“कुठे नाही रे,” त्या म्हणाल्या. “उगीचच हिंडत होते.”