लाल रेक्झीनवरचे कच्चे टाके

सकाळपासून मनकर्णेचा पाय एका जागी ठरत नव्हता. इचोड्याच्या मोठ्या रस्त्याला लागून तिच्या नवऱ्याचं, दौलतचं, जीप-मोटारींच्या गाद्या शिवायचं दुकान होतं, आणि दौलत फोम आणायला आदिलाबादला गेला होता. दुपारी चंपतराव जीप न्यायला येणार होते. त्यांच्या पोराची वरात निघायची होती, आणि मधल्या सीटचं कव्हर अजून नुसतं कापून पडलं होतं. चौकात नवा कारागीर बसल्यापासून गिऱ्हाइकं तिकडं वळायला लागली होती. चंपतरावही वळले, तर दुकानाला कुलूपच लावायचं राहिलं असतं.

ती रस्त्यावर जाऊन बस बघे, परत येई, रेक्झीनवर हात फिरवी. दौलत तिला दुकानातल्या मशीनला हात लावू देत नसे. तिचं आपलं ब्लाउज-परकरांचं मशीन घरी. पण शिवणं ते शिवणंच, असं म्हणून शेवटी ती बसली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

चूकही केली ती ब्लाउज शिवणाऱ्या बाईनंच करावी अशी. तुकडे सरकू नयेत म्हणून तिनं आधी पांढऱ्या दोऱ्यानं कच्चे टाके घातले, मग मशीन मारलं. टीप सरळ आली. ती खूश झाली आणि कच्चे टाके ओढून काढले. कापडातलं भोक चोळलं की बुजतं. रेक्झीनमध्ये सुईनं पाडलेलं भोक जन्माचं. टिपेच्या कडेनं भोकांची लांबलचक रांग उघडी पडली, आणि तसलं लाल रेक्झीन नागपूरशिवाय मिळत नव्हतं. तिनं बोटानं चोळून पाहिलं, गरम वाटी फिरवून पाहिली. भोकं तशीच राहिली.

तेवढ्यात दौलत आला. तिनं कव्हर दारातल्या उन्हात त्याच्यासमोर ठेवलं आणि शिव्या खायच्या तयारीनं उभी राहिली. हा माणूस रस्त्यापलीकडच्या गाडीची वाकडी टीप हेरून हसायचा. त्यानं कव्हर डोळ्यांजवळ नेलं, परत ठेवलं.

"झ्याक झालं," तो म्हणाला.

आधी तिला सुटल्यासारखं वाटलं. मग एकेक आठवत गेलं. हल्ली सुई ओवायला तो तिलाच हाक मारायचा, बल्बला शिव्या द्यायचा, टीप वाकडी गेली की दोष मशीनवर ढकलायचा. आणि ती वेडी मान डोलावत आली होती.

"तुमाले दिसून नाही राह्यलं," ती म्हणाली. "मले काऊन नाही सांगतलं?"

दौलतनं तोंड फिरवलं. "आंधळ्याच्या दुकानात गाडी कोन आनते?"

तिला राग आला आणि रडूही आलं, पण दोन्हीला वेळ नव्हता. तिनं त्याचं बोट धरून भोकांवर टेकवलं. बोट रांगेवरून सरकत शेवटपर्यंत गेलं. तो रागावला नाही. उरलेल्या काळ्या रेक्झीनची पट्टी भोकांवर बसव म्हणाला. कच्चे टाके नको, हातानं दाबून धर, टीप मोठी ठेव, बारीक मारशील तर फाटेल. तो चाचपत सांगत गेला, ती शिवत गेली.

चंपतराव आले, कव्हर चढवलेल्या सीटवर बसून दोनदा उसळून पाहिलं. काळी पट्टी त्यांना भारीच आवडली. दौलतच्या हाताची सर चौकातल्या त्या पोरट्याला नाही, असं त्यांनी बोलून दाखवलं. मनकर्णा खाली बघत उभी होती. एवढ्यावर निभावलं असतं.

"हात तिचा हाये," दौलत म्हणाला. "मले आता दिसत नाही. यापुढं हीच शिवन."

यानं आपल्याच पायावर धोंडा पाडला, असं तिला वाटलं, आणि इतक्या वर्षांत नवऱ्याबद्दल कधी आली नव्हती तेवढी मायाही आली. चंपतराव मात्र हसायचे थांबले. खाली उतरले आणि आत्ताच नावाजलेल्या सीटच्या शिवणीत अंगठे घालून ताणू लागले. कोपरा ओढला, पट्टी ओढली. दौलतला दिसत नव्हतं, पण रेक्झीनचं करकरणं ऐकून त्याचा चेहरा उतरला.

मनकर्णा पुढं झाली. "ओढा, भाऊ. अजून जोरानं ओढा."

त्यांनी ओढलं. टीप सुटली नाही. मग त्यांनी हात झटकले, जीप सुरू केली आणि वरात झाली की मागची सीटही शिवायला टाकतो म्हणाले. म्हणाले ते दौलतला. तिच्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.