आकोंग, जेवा

माझ्या सासऱ्यांनी बॅग भरून दाराशी ठेवली, तेव्हा आधी मला रागच आला. रविवारच्या गाडीचं तिकीट काढलं होतं. थायतुंगला धाकट्या दिरांकडे कायमचे राहायला निघाले होते. माझा नवरा महिनाभर जहाजावर, आणि इथे हे असं. काय झालं विचारलं तर उत्तर एकच, "काही नाही." माझी सात वर्षांची यिन-यिन आकोंगचं, म्हणजे आजोबांचं, बोट धरल्याशिवाय शाळेचं तोंड बघत नाही. आकोंग घर सोडून गेले हे तिला मी कोणत्या तोंडानं सांगणार होते?

बाबांनी चाळीस वर्षं इथे शिंचूत काचेच्या भट्टीवर काढली. भट्टीच्या घरघरीनं कान गेले. आमच्या कंपनीनं कानयंत्रासाठी नवी चिप केली आणि चाचणीला घरच्याच माणसांना द्यायची ठरली, तेव्हा पहिली जोडी मीच पळवली. चिपच्या घड्याळाचा कारभार माझ्याकडे होता ना! घड्याळाचे ठोके जितके भरभर, तितकं काम चोख आणि तितकीच बॅटरी फस्त. म्हणून आवाज आला की ठोके वाढवायचे, शांतता झाली की पार तळाला न्यायचे. सोळा तास बॅटरी चालवून दाखवली मी. आमचे ल्याओ साहेब यंत्रांनी शहाण्यासारखं वागावं म्हणून त्यांच्यावर खाऊचं हिरवं पाकीट ठेवतात. त्या दिवशी ते पाकीट त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मी हवेतच होते.

पहिले आठ दिवस बाबाही खुशीत होते. बुलबुल ऐकू आला, जिन्यावरची माझी पावलं ऐकू आली. मग हळूहळू जेवताना गप्प राहायला लागले. पुढे तर वाडगा घेऊन स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच जेवायला लागले.

बॅग बघितल्यावर मात्र मी दारातच आडवी उभी राहिले. "बाबा, सांगितल्याशिवाय हलू देणार नाही. माझं काय चुकलं?"

"तुझं काय चुकणार? तू शिकलेली."

"टोमणे नकोत. सरळ बोला."

ते बराच वेळ बॅगेची चेन उघडत-लावत बसले. मग म्हणाले, "हे यंत्र नव्हतं तेव्हा जेवायच्या आधी मी तुमच्या तोंडाकडे बघायचो. ओठ हलायचे. वाटायचं, मला हाक मारतायत. आता बघायची गरज नाही, ऐकू येतं सगळं. तर कळलं, हाक कुणी मारतच नाही. नुसतं 'जेवा'. खानावळीत गिऱ्हाइकाला म्हणतात तसं."

मी उडालेच. थोरांना नात्यानं हाक मारून 'जेवा' म्हटल्याशिवाय आमच्यात धाकटी माणसं चॉपस्टिकला हात लावत नाहीत. आणि माझ्या घरात तर त्याआधी टीव्ही बंद, बडबड बंद, असा माझाच दंडक!

"रोज म्हणतो आम्ही, बाबा! मात्सू देवीची शपथ!"

"म्हणजे मीच बहिरा," ते म्हणाले आणि भिंतीकडे बघत बसले.

टीव्ही बंद, बडबड बंद. माझ्या डोक्यात एकदम काहीतरी चमकलं. त्यांच्या कानातलं यंत्र काढून मी माझ्या कानात घातलं, दुसऱ्या कानात कापूस कोंबला आणि यिन-यिनला टेबलाशी बसवलं. थोडा वेळ गप्प बसून तिला खूण केली. 'आकोंग'मधल्या 'आ'ला तिचं तोंड चांगलं मोठं उघडलं. मला ऐकू आलं फक्त, "जेवा."

मला रडूच आलं. घर शांत, म्हणजे ठोके तळाला. तिथून वर चढायला अर्धा सेकंद. त्या अर्ध्या सेकंदात माझी चिप रोज 'आकोंग' गिळत होती, 'बाबा' गिळत होती. प्रयोगशाळेत आम्ही तिला तासन्तास बातम्या ऐकवल्या. बातम्यांत कुणी कुणाला हाक मारतं का!

बाबांना सगळं सांगितलं तर उलट तेच चिडले. "एवढी इंजिनीअर, आणि भट्टी गार करून ठेवतेस? आम्ही सुट्टीत आच कमी करायचो, पण काच घट्ट होईल इतकी कधीच नाही. आणि मालकाची पावलं वाजली की लगेच वाढवायचो. तो दारात उभा राहीपर्यंत थांबायचो नाही."

"मग दुरुस्त करते ना. जाऊ नका."

"तिकीट काढलंय," ते म्हणाले. चिप चुकली असेल, पण हाकेच्या बाबतीत सून सारवासारव करतेय, असंच त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ल्याओ साहेबांनी कपाळाला हात लावला. "दीड तास बॅटरी जाईल! खोक्यावर सोळा छापायचंय."

"साडेचौदा छापा."

"गिऱ्हाईक आकडा बघतं, पेई-शान."

"साहेब, जेवायच्या आधी तुमची मुलं तुम्हाला काय म्हणतात?"

साहेब खोक्याचा नमुना हातात फिरवायला लागले.

"ते गिळून कमावलेला दीड तास आहे हा."

साहेबांनी माझ्या टेबलावरचं हिरवं पाकीट उचललं, चाचणीच्या यंत्रावर नेऊन ठेवलं आणि म्हणाले, "शनिवारपर्यंत करून दाखव."

दाखवलं. ठोक्यांचा तळच वर उचलला. शिवाय खुर्ची सरकली, वाडगा वाजला, एवढ्यानंही ठोके आधीच चढायला लागतील असं केलं.

शनिवारी संध्याकाळी यंत्र बाबांच्या कानात बसवलं. विनवण्या करून टेबलावर आणलं. बॅग दाराशीच होती. तांदळाच्या शेवया, मुळ्याचं सूप, टीव्ही बंद. बाबा मान खाली घालून वाडग्यात बघत होते. मी यिन-यिनला खुणावलं.

"आकोंग, जेवा."

ते हललेसुद्धा नाहीत.

"परत म्हण," ते म्हणाले.

"आकोंग, जेवा!"

"परत."

"आकोंग! शेवया गार होतायत!" ती वैतागली.

तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली. डोळे काठोकाठ भरले होते. पण माझ्याकडे वळून त्याच नेहमीच्या खवट आवाजात म्हणाले, "आणि तू गं? तू अजून म्हटलं नाहीस."

'बाबा, जेवा' म्हणायला मला अर्ध्या सेकंदापेक्षा बराच जास्त वेळ लागला. ते थांबले. माझं म्हणून झाल्यावरच त्यांनी चॉपस्टिक उचलल्या आणि माझ्या वाडग्यात मुळ्याची फोड घालता घालता म्हणाले, "उद्या सकाळी ते तिकीट तेवढं परत करून ये."