दोन छोटे हॉर्न

मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी एक, शिक्षक एक आणि सिद्धांतही एकच होता. रस्त्यावरचा प्रत्येक जीव वेडा आहे असं धरून चालवायचं. समोरचा वळण्याआधी इशारा देईल असं समजू नका. उभ्या गाडीचं दार उघडणार नाही असं समजू नका. पोरगं चेंडूमागे धावणार नाही असं तर मुळीच समजू नका. हे सगळं मास्तर इतक्या पोटतिडकीने सांगत, की शिकणाऱ्याच्या तळहातांना घाम फुटायचा. शिकवण्याच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक होता. तो आणि शिकणाऱ्याचा ब्रेक एकाच सळईने जोडलेले, त्यामुळे एक दाबला की दुसरा आपोआप खाली जायचा. त्यावर पाय ठेवून ठेवून मास्तरांना अशी सवय जडली होती, की घरी सोफ्यावर बसून बातम्या बघतानाही त्यांचा पाय मधूनच सतरंजी दाबायचा.

या सिद्धांतातून फक्त एका जिवाला सूट होती. तो म्हणजे मास्तरांचा स्वतःचा कुत्रा.

त्याचं नाव क्लच. पिल्लू असताना गाडीत क्लचच्या पेडलखाली जाऊन झोपायचा, म्हणून हे नाव. आता तो मागच्या पायांवर उभा राहिला की पुढचे पंजे समोरच्याच्या खांद्यावर टेकत. एक कान उभा, एक कान पडलेला, आणि अक्कल बहुतेक पडलेल्या कानाच्या बाजूला. त्याच्यासाठी आणलेला लाल पट्टा पहिल्या दिवसापासून कपाटाच्या खणात होता. "पट्टा कुणाला लागतो? ज्यांना कुत्रा वाढवता येत नाही त्यांना," असं मास्तर म्हणत. घराजवळच्या मैदानाच्या फाटकावर 'कुत्रे मोकळे सोडू नयेत' अशी पाटी होती. रस्त्यावरची एकेक पाटी विद्यार्थ्यांकडून घोकून घेणारे मास्तर ही पाटी रोज वाचत आणि ती बाकीच्यांसाठी लावली आहे अशी मनाची खात्री करून घेत. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हा नियम कुत्र्यांनाही लागू होतो.

क्लच धावत कुणाच्या अंगावर गेला की मास्तर लांबूनच ओरडत, "घाबरू नका हो, काही करत नाही तो!" कोपऱ्यावरच्या शिंप्याने एकदा कावून विचारलं होतं, "मास्तर, हे मला रोज सांगता. त्याला कधी सांगता का?" त्या दिवशी शिंप्याच्या हातातल्या नव्या पांढऱ्या कापडावर चार पायांचे चिखलाचे ठसे उठले होते. मास्तर हसले होते. चांगले खळखळून हसले होते, हे पुढे त्यांना फार आठवलं.

आपला कुत्रा शब्दाबाहेर नाही, याचा मास्तरांकडे पुरावाही होता. संध्याकाळी शेवटचा विद्यार्थी सोडून ते मैदानाच्या फाटकाशी गाडी उभी करत आणि दोन छोटे हॉर्न देत. पीं, पीं. क्लच कुठल्याही कोपऱ्यात असो, कुणाच्याही शेपटीमागे असो, सुसाट गाडीकडे यायचा. बघणारे थक्क व्हायचे आणि मास्तरांची छाती शर्टाची बटणं ताणायची. हेच दोन छोटे हॉर्न मास्तर प्रत्येक विद्यार्थ्याला आंधळ्या वळणावर द्यायला शिकवत. एक दिला तर लोकांना वाटतं चुकून दाबला गेला, दोन दिले की कळतं आत माणूस आहे, असं त्यांचं म्हणणं. मास्तरांच्या डोक्यात या दोन गोष्टी दोन वेगळ्या खणांत ठेवलेल्या होत्या आणि त्यांची आजवर गाठ पडली नव्हती.

आता वहिनींचं सांगायला हवं. वहिनी म्हणजे मास्तरांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यावर त्या मास्तरांच्या घरी मागच्या खोलीत राहायला आल्या. त्या नर्स होत्या. इस्पितळात एक जागा निघाली होती, घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांना बघायची. राहायला दोन खोल्याही मिळणार होत्या. अट एकच, गाडी चालवता आली पाहिजे. "भाऊजी, तुमच्या घरात मला काही कमी नाही," वहिनी म्हणाल्या होत्या, "पण उरलेला जन्म दुसऱ्याच्या मागच्या सीटवर बसून काढायचा नाही मला." त्या दिवसापासून मास्तर त्यांना शिकवत होते. पहिल्या परीक्षेत वहिनी नापास झाल्या. आता ही दुसरी. इस्पितळाने स्पष्ट सांगितलं होतं, की या वेळी लायसन्स हातात आलं नाही तर जागा दुसऱ्या कुणाला तरी जाईल.

वहिनींचं दुखणं एकच. त्या फार ब्रेक दाबत. कबुतर दिसलं, दाब ब्रेक. वाऱ्याने पिशवी उडाली, दाब ब्रेक. मास्तरांच्या कपाळाला आठवडाभर काचेची खूण होती. "वहिनी, जरा कमी घाबरत जा," ते म्हणत. "रस्त्यावर पाचोळा पडला तरी थांबता तुम्ही."

आणि क्लचला तर त्या फारच घाबरत. लहानपणी एका कुत्र्याने पोटरीचा लचका तोडला होता, त्याचा व्रण अजून होता. घरातून गाडीपर्यंत जाताना त्या पर्स ढालीसारखी पुढे धरत. मास्तरांना याची भारी गंमत वाटे.

"वहिनी, एवढ्या मोठाल्या सुया टोचता आणि या गरिबाला घाबरता?"

"सुई माझ्या हातात असते, भाऊजी."

परीक्षेच्या दिवशी सकाळी मास्तर क्लचला घेऊन चालत मैदानावर गेले. निघायची वेळ झाली, तर क्लच झुडपात कसला तरी वास घेत नाक खुपसून बसलेला. मास्तरांनी हाका मारल्या, शिट्ट्या मारल्या, शेवटी लाडीगोडीही लावली. क्लचने उभा कानसुद्धा हलवला नाही. हॉर्न द्यावा तर गाडी घरी. उशीर होत होता. मास्तर एकटेच परत आले.

"अहो, क्लच कुठंय?" बायकोने दारातच विचारलं.

"येईल. घर माहीत आहे त्याला."

"आणि रस्त्यावरच्या गाड्या? त्यांना माहीत आहे का हा?"

मास्तरांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. उत्तर नसलं की ते घड्याळाकडे बोट दाखवत.

परीक्षक मास्तरांच्या जागेवर, त्या दुसऱ्या ब्रेकपाशी बसले. गंभीर माणूस. हसू आलंच तर घरी जाऊन हसत असावा. परीक्षेचा नियम साधा होता. परीक्षकांना त्यांचा ब्रेक दाबून गाडी थांबवावी लागली, की परीक्षा तिथेच संपली. मास्तर मागच्या सीटवर बसले. स्वतःच्याच गाडीत मागे बसल्यावर त्यांना हातपाय नेमके कुठे ठेवावेत तेच कळेना.

पण वहिनींनी गाडी काढली ती अशी, की मास्तर बघतच राहिले. गिअर लोण्यासारखे पडत होते. कबुतर आलं, वहिनींनी वेग थोडा कमी केला आणि पुढे गेल्या. एका टेम्पोला त्यांनी शिस्तीत जागा दिली. मास्तर मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटू लागले. शिष्य चांगला निघाला की गुरूने काय शिकवलं ते दिसतंच, असं एक वाक्यही त्यांनी संध्याकाळसाठी तयार करून ठेवलं.

"पुढून आत वळा," परीक्षक म्हणाले.

ते वळण मैदानाच्या भिंतीकडचं होतं. उंच भिंत, पलीकडचं काही दिसत नाही, आणि वळल्या वळल्या मैदानाचं फाटक. हॉर्न, वहिनी, हॉर्न विसरू नका, असा मास्तरांनी मनात जप सुरू केला. वहिनी विसरल्या नाहीत. त्यांनी मास्तरांनी शिकवले होते तसे, अगदी तसेच, दोन छोटे हॉर्न दिले. पीं, पीं.

शाब्बास, असं मास्तरांच्या ओठांवर आलं. आणि पुढच्याच श्वासाला त्यांच्या डोक्यातले ते दोन खण एकदम उघडले.  

फाटकाशी दोन व्हॅन उभ्या होत्या. त्यांच्या मधल्या फटीतून क्लच निघाला तो थेट गाडीच्या पुढ्यात. कान मागे, जीभ बाहेर, मालक आपल्याला बोलावतोय या आनंदात चारही पाय हवेत. मागच्या सीटवरून मास्तरांनी सर्वस्व पणाला लावून ब्रेक दाबला. तिथे ब्रेक नव्हता, पायपुसणं होतं. घोट्यातून कळ गेली.

गाडी थांबली. बंपर आणि क्लच यांच्यात वीतभर अंतर राहिलं असेल. त्या वेड्याला काही कळलंच नाही. तो उड्या मारत वहिनींच्या खिडकीशी आला, पंजे काचेवर टेकले आणि काच चाटू लागला. वहिनींचा चेहरा कागदासारखा झाला होता. हात मात्र स्टिअरिंगवर होते, शिकवलेल्या जागी.

परीक्षक स्वतःच्या पायांकडे बघत होते. त्यांचा पाय ब्रेकवर होता. मास्तरांनी ते पाहिलं आणि त्यांना ती दोन खोल्यांची जागा, वहिनींची नवी नोकरी, सगळं त्या बुटाखाली दिसलं.

"कुणाचं कुत्रं हे?" परीक्षकांनी विचारलं.

खरं सांगायचं तर, क्षणभर मास्तरांच्या मनात आलं, की माहीत नाही म्हणून सांगावं. तेवढ्यात क्लच मागच्या खिडकीशी आला आणि मास्तरांना बघून आनंदाने केकाटू लागला.

"माझं," मास्तर म्हणाले.

परीक्षकांनी मान हलवली. मग ते वहिनींकडे वळले. "मी ब्रेकवर पाय टाकला. पण माझ्या बाजूचं पेडल तोवर खाली गेलेलं होतं. बाई, कुत्रं दिसायच्या आधीच तुम्ही ब्रेक दाबायला लागला होतात. कशावरून ओळखलंत?"

वहिनी म्हणाल्या, "हॉर्न दिला आणि लक्षात आलं, आता तो येणार." त्यांनी मागच्या खिडकीशी उड्या मारणाऱ्या क्लचकडे पाहिलं. "घराबाहेर दोन हॉर्न वाजले की मी रोज आधी माझ्या खोलीची कडी लावून घेते."

मास्तरांनी हे पहिल्यांदाच ऐकलं. एकाच घरात राहत होते सगळे. रोज दुपारी जेवायला येऊन दारात गाडी लावताना ते हौसेने दोन हॉर्न देत, क्लच आतून धावत बाहेर येई, आणि मागच्या खोलीत एक बाई उठून कडी लावत असे. ते मान खाली घालून बसले. लाजेने त्यांचे कान तापले.

"मास्तर, उतरा," परीक्षक म्हणाले. "आधी कुत्रं धरा. बाई, चला पुढे, अजून गाडी पार्क करून दाखवायची आहे."

गाडी निघून गेली. मास्तर रस्त्याच्या कडेला क्लचची मान धरून वाकून उभे राहिले. पट्टा घरी, खणात. वाकून घरापर्यंत जाणं शक्य नव्हतं. शेवटी त्यांनी कमरेचा बेल्ट काढला, क्लचच्या गळ्यात अडकवला आणि एका हातात बेल्ट, दुसऱ्या हातात स्वतःची पँट अशी वरात निघाली. क्लचला मान अडकवून चालायची सवय नव्हती. तो डावीकडे ओढी, मास्तर उजवीकडे ओढत आणि पँट आपली खालच्या दिशेने निघालेली.

कोपऱ्यावर शिंपी मशीनवर बसला होता. क्लच दिसताच त्याने सवयीने कापड उचलून छातीशी धरलं. मग बेल्ट बघितला, मग मास्तरांचा दुसरा हात बघितला.

"कमरेत घेऊन देऊ का, मास्तर?" तो म्हणाला. "नाहीतर राहू द्या. सुटली तरी घाबरू नका, काही करत नाही ती."

मास्तर हसले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. "धरलाय मी त्याला," ते म्हणाले. "कापड ठेवा खाली." शिंप्याने कापड खाली ठेवलं नाही. त्यात त्याचं काही चुकलं असं मास्तरांना वाटलं नाही.

पुढे चालताना मास्तरांच्या डोळ्यांसमोर ते वीतभर अंतर आलं. भीती आता कुठे त्यांच्यापर्यंत पोहोचत होती. जरा कमी घाबरत जा, असं आपण रोज सांगत होतो. वहिनींनी ते ऐकलं असतं तर? हा मूर्ख, उपद्व्यापी, जिवापाड लाडका प्राणी चाकाखाली गेला असता, आणि त्या बाईने पुन्हा जन्मात स्टिअरिंगला हात लावला नसता. मास्तर थांबले, खाली बसले आणि त्यांनी क्लचच्या मानेत तोंड खुपसलं. क्लचने त्यांचा कान चाटला. त्याच्या लेखी मालकानेच बोलावलं होतं आणि तो आला होता. त्याची काही चूकच नव्हती.

ते घराच्या वळणाशी पोहोचले तेव्हा समोरून त्यांचीच गाडी आली. चालवायला वहिनी. शेजारची सीट रिकामी होती. शेजारी कुणी नाही आणि गाडी रस्त्यावर, म्हणजे वहिनी पास झाल्या होत्या. मास्तरांना एवढा आनंद झाला, की पँट विसरून ते हात वर करणार होते. थोडक्यात वाचले.

गाडी थांबली. काच चार बोटं खाली आली. वहिनींचे डोळे ओले होते आणि चेहरा उजळला होता.

"झालं, भाऊजी," त्या म्हणाल्या. मग त्यांनी क्लचकडे पाहिलं, बेल्टकडे पाहिलं, आणि पर्स हळूच मांडीवर घेतली. "येताय? मागे बसवा त्याला. आज काही म्हणणार नाही मी."

कालपर्यंतचे मास्तर असते तर म्हणाले असते, काही करत नाही तो.

"नको वहिनी," ते म्हणाले. "तुम्ही व्हा पुढे. आम्ही चालत येतो. आणि घरी गेल्यावर कपाटाच्या खणात लाल पट्टा आहे, तेवढा आमच्या हिला दाराशी काढून ठेवायला सांगा."

वहिनींनी काच वर केली. आरसा बघितला, इशारा दिला, मास्तर आणि क्लचला भरपूर जागा सोडून गाडी बाहेर काढली. पुढच्या वळणावर, दोन्ही बाजूंना नीट बघून, त्या अगदी सावकाश वळल्या. हॉर्न मात्र त्यांनी दिला नाही.