काळूरामच्या खळ्यावरचा खाडा

"काळूरामशेठ, खाट तुळशीच्या अलीकडे ठेवू का पलीकडे? पलीकडे ऊन लवकर येतं, म्हणून विचारते."

काळूराम ओटीवर बसून मशेरी लावत होता. त्याचं बोट तोंडातच राहिलं. समोर, कालच सारवलेल्या खळ्याच्या कडेला, सुहासिनी उभी होती. खाटेचं एक टोक तिच्या हातात, दुसरं शेजारच्या खोलीतल्या जितेंद्रच्या, आणि खाटेवर गोधडीत गुंडाळलेला तिचा नवरा प्रल्हाद.

"अगो बाय, ह्ये काय लावलंस?"

"खाडा," सुहासिनी म्हणाली. "रविवारी खोली रिकामी पाहिजे, असं तुम्हीच सांगितलंत ना? केली रिकामी."

आता हा खाडा काय ते सांगायला हवं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. विरारजवळच्या मनवेलपाड्यात भाताची शेतं एकेक करून बुजत होती आणि त्यांवर चाळी उठत होत्या. काळूरामनेही रस्त्याकडच्या खाचरात चाळ बांधली होती. खोली द्यायची ती अकरा महिन्यांच्या करारावर. अकरा महिने भरले की भाडेकरूने चमचा-वाटीसकट सगळं बाहेर काढायचं, खोलीला मालकाचं कुलूप लागायचं, रात्र कुठेतरी नातेवाइकांकडे काढायची आणि सकाळी नवा करार करून पुन्हा त्याच खोलीत यायचं. भाडेकरू सलग राहिला की खोली त्याचीच होते, मग देवसुद्धा त्याला उठवू शकत नाही, ही धास्ती काळूरामच्या मनात घट्ट बसली होती. त्याच्या चुलत्याची खोली एका बिऱ्हाडाने अशीच गिळली होती, आणि म्हातारा मरेपर्यंत समोरच्या पडवीत बसून त्या बंद दाराकडे बघत होता. त्यामुळे भाड्याला उशीर झाला तर काळूराम एक वेळ गप्प बसायचा. खाडा मात्र चुकू द्यायचा नाही.

आणि गंमत बघा, चाळीतल्या सगळ्यांचे खाडे वाहिले होते ते प्रल्हादने. त्याचा टेम्पो होता. कुणाचं कपाट नालासोपाऱ्याला, कुणाच्या गाद्या विरारच्या पश्चिमेला, सकाळी न्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी आणायच्या. डिझेलपुरतं घ्यायचा. "चला, एका रात्रीचा वनवास!" असं ओरडत तो टेम्पो दाराला लावायचा, आणि काळूरामसुद्धा हसायचा. स्वतःच्या खाड्याला तो सुहासिनीला पुढच्या सीटवर बसवून अर्नाळ्याला समुद्रावर न्यायचा आणि मग बहिणीकडे. बहिणीच्या घरी अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणायचा, "बघ, फुकटात फिरणं झालं की नाही?"

मग गणपतीत लकव्याने त्याची उजवी बाजू गेली. जिभेनेही अर्धं अंग टाकलं. टेम्पो विकला. सुहासिनी सातिवलीच्या एका गाळ्यात बटणं पाकिटात भरायच्या कामाला लागली, आणि दिवाळी सरता सरता खाड्याची तारीख आली.

आधी ती नीट बोलायला गेली होती. "शेठ, या वर्षी नको. त्यांना उचलून नेणार कुठे?"

"मना काय हौस हाय?" काळूराम म्हणाला होता. "तुला सोडली तं उद्या सगली चाल माझ्या दारात येल. नंदेकडं ने."

नणंदेला बूथवरून फोन केला, तर तिने तिसऱ्या मजल्याचा जिना पुढे केला. गेल्या वर्षी तोच जिना प्रल्हाद दोन हातांत दोन ट्रंका घेऊन चढला होता. फोन ठेवला तेव्हा सुहासिनीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिला असा राग आला होता की घरी येईपर्यंत ती स्वतःशीच मोठ्याने बोलत होती. वर्षानुवर्षं घर मांडायचं आणि आपल्याच हाताने मोडायचं, आणि वर मालकाचे आभार मानायचे! बरं, मोडते म्हणावं. असं मोडते की नीट दिसलं पाहिजे.

म्हणून ती आज इथे होती.

"वैनी, चला ना, दुसरीकडे बघू," जितेंद्र हळूच म्हणाला. त्याचा स्वतःचा खाडा पुढच्या महिन्यात होता.

"तू धर नीट. बाकीचं मी बघते." तिने चपला खळ्याबाहेर काढल्या, जितेंद्रलाही काढायला लावल्या. सारवलेल्या खळ्यावर चपला चालत नाहीत, एवढं तिला इतक्या वर्षांत कळलं होतं. मग खाट तुळशीच्या पलीकडे टेकवली, आणि दोन-चार खेपांत शेजारी स्टोव्ह, डबे, देवांची पेटी आणून ठेवली.

"बाय, उद्या भात झोडायचाय हितं!"

"उद्या उजाडताच मी उठते. खोली सोडा म्हणालात, सोडली. रात्र कुठे काढायची ते करारात नाही. मी इथे काढणार."

काळूरामने ताडताड जाऊन खोलीला कुलूप घातलं आणि परत ओटीवर येऊन बसला. करणार काय? माणूस आजारी, बाई हट्टी, आणि रविवारचा दिवस. बाजारातून मासळी घेऊन गावातली माणसं त्याच वाटेने परतत होती. जो तो खळ्याकडे बघून पाय हळू करत होता. शेवटी दिनानाथ, काळूरामचा थोरला चुलतभाऊ, कुंपणाशी थांबलाच.

"काळूराम, खल्यात कोन निजलाय रं?"

भाडेकरूला बाहेर काढलाय, असं आजारी माणसाकडे बोट करून सांगायचं कसं?

"पावना हाय," काळूराम पुटपुटला.

आत चुलीपाशी बसलेल्या शकूने, त्याच्या बायकोने, ते ऐकलं. जेवणवेळ झाली तशी ती ताट घेऊन बाहेर आली. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण. ते तिने खाटेपाशी पाट मांडून त्यावर ठेवलं. काळूराम हात धुऊन वाट बघत होता.

"माजं ताट?"

"पावना म्हनलात ना?" शकू म्हणाली. "खल्यातल्या पावन्याआधी घरधनी कदी जेवलाय आपल्याकडं? बसा. त्याचं होऊं द्या."

सुहासिनीने प्रल्हादला उशीच्या आधाराने बसवलं. तो डाव्या हाताने जेवू लागला. भाकरीचा तुकडा मोडायलाच केवढा वेळ. घास तोंडाशी जाईपर्यंत निम्मा गोधडीवर. काळूराम समोर बसून बघत होता. इकडे त्याच्या पोटात कावळे ओरडत होते.

"बाय, तू भरव ना त्याला. लवकर होल."

"ते स्वतः जेवतात," सुहासिनी म्हणाली. "वेळ लागतो. लागू दे."

दुसरी भाकरी अर्धी झाली तेव्हा प्रल्हादने मान वर केली. वाकड्या तोंडाने, एकेक अक्षर ओढत तो म्हणाला, "शेठ... वन... वास."

आणि हसला. काळूरामने मान खाली घातली. बराच वेळ तो सारवणाचा पोपडा नखाने उकरत राहिला.

उन्हं कलली तेव्हा तो उठला. कनवटीची किल्ली काढून सुहासिनीपुढे धरली. "ने त्याला आत. थंडी पडल."

तिने किल्ली घेतली नाही. "खाडा सकाळपर्यंत असतो."

"अगो, सोडला म्हनतोय ना!"

"मला एकटीला दया नको. सोडायचा तर सगळ्यांचा सोडा. पुढच्या महिन्यात या जितेंद्रची बायको तान्हं पोर घेऊन कुठे जाणार?"

"मंग तुमी सगली मिलून खोल्या गिलाल माझ्या!" काळूरामचा आवाज चिरकला. तो खरोखरच घाबरला होता, आणि ते सुहासिनीलाही दिसलं.

"शेठ," ती जरा आवाज उतरवून म्हणाली, "गिळायची असती तर खाट खोलीत आडवी लावून बसले असते. आजारी माणसाला कोण हात लावणार होतं? उचलून तुमच्या दारात आणली असती का?"

काळूरामने दाराकडे बघितलं. पदरात हात गुंडाळून शकू तिथे उभी होती. मग त्याने किल्ली जितेंद्रच्या हातात कोंबली, स्वतः वाकून खाटेच्या उशाकडचं टोक धरलं आणि खेकसला, "धर गो तिकडून! बघतेस काय?"

खाट खोलीच्या दाराशी आली. उंबऱ्याशी अडली. प्रल्हादने डावा हात वर केला आणि टेम्पो मागे घेणाऱ्याला सांगावं तसं म्हणाला, "येऊ... द्या... येऊ द्या."

पुढच्या महिन्यात जितेंद्रचा खाडा झाला नाही. नंतर कुणाचाच झाला नाही. काळूरामने तसं कधी बोलून दाखवलं नाही. करार तेवढे दर अकरा महिन्यांनी नवे होत राहिले.

प्रल्हाद पावसाळ्याआधी गेला.

भाताचे दिवस पुन्हा आले. एका रविवारी सुहासिनी सकाळीच खाट बाहेर काढताना दिसली. काळूराम ओटीवरून धडपडत उठला. "अगो बाय! आता काय झालं? मी काय बोललो का तुला?"

"ऊन देतेय शेठ. ढेकूण झालेत." तिने चपला काढल्या आणि एकटीने खाट ओढत तुळशीच्या पलीकडे नेली.

दिवसभर रिकामी खाट उन्हात पडून होती. जेवणवेळेला शकूने विचारलं तरी काळूराम ताटावर बसला नाही. "जरा थांब," म्हणाला, आणि खळ्याकडे बघत राहिला.

संध्याकाळी सुहासिनीने खाट झटकली, उभी केली आणि खांद्याला लावून आपल्या खोलीत घेऊन गेली.